उघाडीवर कोण होतं?

शुक्रवारी शाळेत वकीलबाई येऊन गेल्या आणि शनिवारपासून रोहिणी म्हात्रेने अख्खं दिवखार कायद्यात घेतलं.

दिवखार म्हणजे पेण तालुक्याच्या टोकाला खाडीला चिकटलेली साठ घरं. एकीकडे भातशेती, दुसरीकडे खाडी आणि मधे मातीचा बांध. गुन्हे करायला तशी जागाही फार नाही. पण रोहिणीला तेवढी पुरली. देवळासमोर पोरं एकमेकांना आयाबहिणींवरून शिव्या देत होती, तिथे सायकलवरून एक पाय टेकवून ही म्हणाली, “कलम दोनशे शहाण्णव. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलणं. तीन महिने आत!” पोरं हसली खरी, पण पुढची शिवी तोंडातच गिळली. पुढे धोंडुबाई शेजारणीला “तंगडी तोडून हातात देईन” म्हणत होती, तर कुडाच्या वरून हिचं डोकं आलं. “काकी, कलम तीनशे एक्कावन्न. धमकी. दोन वर्षं.”

“आधी तोडू तर दे गो,” धोंडुबाई म्हणाली. “मंग मोज तुजी वर्सं. आली मोठी वकिलीनबाय!”

वकिलीनबाय! रोहिणीला ते नाव इतकं आवडलं की घरी जाईपर्यंत ती मनात तेच घोळवत होती. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी हिच्या घशाला कोरड पडायची. आणि शुक्रवारी रोह्याच्या वैशाली ठोंबरे वकीलबाईंनी “काही शंका?” म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्या दहावीतून हिचाच हात तीनदा वर गेला होता. बाई म्हणाल्या होत्या, “ही मुलगी कोर्टात उभी राहणार बघा.” मग काय! बुधवारपर्यंत ‘नेहमीचे गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा’ असा मोठा तक्ता करायचं काम शाळेने तिच्यावरच सोपवलं.

रविवारी अमावास्या होती. म्हणजे उधाणाची भरती.

बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जावं आणि खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये, म्हणून बसवलेली जाड लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं, भरतीला बाहेरचं पाणी तिला बंद करतं. सगळं आपोआप. पण त्या भरतीच्या पाण्यातच जिताड्याची बोटभर पिल्लं येतात. ती धरून घरामागच्या तळ्यात सोडली की दोन वर्षांत हातभर मासा तयार होतो, पाहुण्यांसमोर वाढायला. म्हणून पाणी चढायला लागलं की झडपेत एक ओंडका अडकवायचा, आतल्या बाजूला जाळं धरायचं, पिल्लं मिळाली की ओंडका काढायचा. हे बरोबर नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि हे केलं नाही असं एकही घर गावात नव्हतं. नियम एकच, तोही कुठे न लिहिलेला. ज्याने ओंडका लावला त्याने तो काढल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

साडेदहाला रोहिणीने ओंडका लावला. पाऊण तासात सात पिल्लं बादलीत आली. सात! ती आठव्याची वाट बघत होती, तेवढ्यात बांधावरून तिची मैत्रीण पूजा ओरडत आली.

“रोहिणी, चल गो लवकर! मिनीडोर सुटतेय. पेणचं दुकान एकला बंद करतो तो, मग तुझ्या तक्त्याला कागद काय रद्दीचा लावणार?”

रोहिणीने जाळं गुंडाळलं, बादली उचलली, धावत जाऊन पिल्लं तळ्यात ओतली, पाय धुतले न धुतले आणि सुटायला आलेल्या मिनीडोरमध्ये उडी मारली. वाटभर ती पूजाला सांगत होती की गुन्ह्याचं नाव निळ्या स्केचपेनने आणि शिक्षा लाल रंगाने लिहायची. पेणला त्यांनी चार मोठे कागद घेतले, भेळ खाल्ली, परत आल्या तेव्हा अडीच वाजले होते.

बांधावर माणसं उभी होती.

एवढी माणसं एकदम बांधावर कधी उभी राहत नाहीत. रोहिणीच्या आधी तिच्या पायांना कळलं. ते चालायचे थांबले. मग आठवलं. ओंडका.

बांधालगतच्या काळुरामच्या दोन एकरांत पाणी चकाकत होतं. वीस दिवसांपूर्वी लावलेल्या भाताचे नुसते शेंडे वर दिसत होते. काळुराम चिखलात गुडघाभर उभा होता. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घेतलं आणि थुंकला. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकला. जणू तिसऱ्यांदा गोड लागेल. आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता, खार धुऊन न्यायला वरून काही पडत नव्हतं. दोन दिवसांत सगळं भात पिवळं पडणार, हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं.

“हा बघा,” काळुराम वर आला तेव्हा त्याच्या हातात तो ओंडका होता. “झडपेत व्हता. कोनी मुद्दाम ठेवला.”

गावचे पोलीस पाटील दिनानाथ पुढे झाले. शांत माणूस, आवाज कधी चढत नसे. “सकाली उघाडीवर कोन व्हतं?”

दिनानाथांची नजर फिरत फिरत रोहिणीवर थांबली. तिच्या काखेत कागदांची सुरळी होती.

“तू सांग गो. तुजं घर सगल्यांत जवल. आनि तू तर आता कायद्याची मानूस. कोनाला बघितलंस?”

सगळी माणसं तिच्याकडे वळली. शुक्रवारी वर्गात सगळे असेच वळले होते तेव्हा तिला केवढं छान वाटलं होतं! आता तिला वाटलं, आपल्या कपाळावर लिहिलंय आणि हे सगळे ते वाचताहेत. काहीतरी बोलायला हवं होतं. लगेच बोलायला हवं होतं. गप्प राहिलं तर संपलं.

“नाथाकाका होता,” ती म्हणाली. “जाळं घेऊन.”

शब्द खोटा नव्हता. मिठागरं बंद पडल्यापासून नाथाकाका रोज सकाळी तिथे मासळी धरायचा. आजही नऊला होता. साडेनऊला जाळं खांद्यावर टाकून, तिच्याकडे बघून हसून तो गेला. तेवढं तिने सांगितलं नाही.

काळुरामने ओंडका जमिनीवर आपटला.

सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत रोहिणी व्हरांड्यात पालथी पडून तक्ता लिहीत होती. चोरी, कलम तीनशे तीन, तीन वर्षांपर्यंत. राहत्या घरातली चोरी, कलम तीनशे पाच, सात वर्षांपर्यंत. बेदरकार गाडी चालवणं, कलम दोनशे एक्क्याऐंशी, सहा महिन्यांपर्यंत. लाल स्केचपेन कागदावर चरचरत होतं. मराठीच्या बाई वाकून बघत म्हणाल्या, “छान! पण आपल्या भागाला उपयोगी असं एखादं घे ना. शेतीचं, पाण्याचं.” आणि वकीलबाईंनी दिलेल्या कायद्याच्या पुस्तकाचं पान त्यांनी स्वतःच उलटून दिलं.

कलम तीनशे सव्वीस. आगळीक. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान होईल असं काही करणं. त्यात पाणी सोडून बुडवणं. पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

तिने ते तीनदा वाचलं. दर वेळी पाचच होती. पंधरा अधिक पाच, वीस. पूजा तोवर बारावी होऊन, कॉलेज करून, कदाचित नोकरीलाही लागलेली असेल, आणि आपण? आईच्या डोळ्यांसमोर आपण पोलिसांच्या गाडीत चढताना कसे दिसू हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की लाल रंगाची रेघ ‘पाच’च्या पुढे वाकडी गेली.

“रेघ वाकडी गेली गो तुझी,” पूजा म्हणाली.

“डबा खाल्ला नाही अजून,” रोहिणी म्हणाली. डबा दप्तरात तसाच घरी गेला.

संध्याकाळी गावात कळलं की काळुराम पेणला पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन आला. नाथाचं नाव घालून. बुधवारी अकरा वाजता नाथाला बोलावलंय.

आणि दिवेलागणीच्या आधी धोंडुबाई रोहिणीच्या दारात आली. नाथाची बायको. दोन दिवसांपूर्वी कुडापलीकडून तोंड सोडणारी ही बाई आज पायरीवर बसायलाही तयार नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“तुजं पुस्तक बघून सांग गो,” ती म्हणाली. “म्हाताऱ्याला किती वर्सं लागतील?”

रोहिणीच्या आईने आतून विचारलं, “कोन आलंय गो?”

“सांग ना. तुला सगलं पाठ हाय.”

“पाच... पाचपर्यंत,” रोहिणी म्हणाली. “पर्यंत, काकी. म्हणजे पाचच असं नाही.”

धोंडुबाईने ‘पर्यंत’ ऐकलंच नाही. “तेसष्ट चालू हाय त्याला,” ती म्हणाली. ओठ हलवून तिने मनात बेरीज केली, आणि ती बेरीज तिला आवडली नाही. मग रोहिणीच्या जवळ सरकली. “तू बघितलंस ते बरोबर. व्हता तो उघाडीवर. मी नाय म्हनत नाय. पन तो साडेनवाला घरी आला गो. मीच भाकरी वाढली त्याला. जाताना नाय बघितलंस तू त्याला? आठव ना. तुज्या अंगनावरनंच वाट हाय.”

इथे सांगता आलं असतं. बांधावर सगळं गाव होतं, इथे एकटी धोंडुबाई होती. एक शब्द पुरला असता.

“नाय,” रोहिणी म्हणाली. “नाय बघितलं.”

धोंडुबाई हळूहळू मान हलवत राहिली, जणू चूक तिचीच होती. मग गेली. तिच्या चपला फरफटत होत्या, आणि तो आवाज गेल्यावरही रोहिणी उंबऱ्याला धरून उभी होती. बांधावर बोलली ते अर्धं होतं. हे पुरतं खोटं. आणि हे बोलताना तिला घाईसुद्धा नव्हती.

मंगळवारी तिने शाळेत सांगितलं की तक्ता वकीलबाईंना दाखवून आणते. आईला सांगितलं की शाळेत थांबायचंय. खोटं बोलणं एवढं सोपं असतं? तिला स्वतःचीच भीती वाटली. पेणच्या स्थानकात ती रोह्याच्या एष्टीत खिडकीशी बसली. नागोठण्याला एक पोलीस चढला आणि नेमका तिच्या शेजारी येऊन बसला. तो झोपी गेला, डोकं डुलायला लागलं, पण रोहिणीने रोहा येईपर्यंत मान वळवली नाही. गाडी खड्ड्यातून गेली की त्याच्या कमरेची काठी तिच्या गुडघ्याला लागायची.

वैशाली ठोंबरेंचं ऑफिस कोर्टाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, कपाट भरून फायली. बाईंनी तिला लगेच ओळखलं.

“अरे वा, तीन प्रश्नवाली! चौथा घेऊन आलीस की काय?”

रोहिणीने तक्ता टेबलावर उलगडला. मग म्हणाली, “मॅडम, माझी एक मैत्रीण आहे.”

“असते,” बाई म्हणाल्या. “बोल.”

रोहिणीने मैत्रिणीची सगळी हकिकत सांगितली. ओंडका, मिनीडोर, काळुरामचं भात. सांगताना दोनदा ‘मी’ आलं आणि दोनदा तिने ते गिळून ‘ती’ केलं. बाईंनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं.

“आगळीक ठरायला दोहोंपैकी एक लागतं,” त्या म्हणाल्या. “नुकसान करायचा हेतू, नाहीतर नुकसान होणार याची जाणीव. तुझ्या मैत्रिणीला काळुरामचं वाईट करायचं होतं?”

“नाही! अजिबात नाही.”

“भरतीची वेळ माहीत होती?”

दिवखारचं पोर आधी भरती-ओहोटी शिकतं, मग घड्याळ. “होती.”

“हं. मी कोर्टात म्हणेन की ती विसरली, आणि विसरणं म्हणजे जाणीव नव्हे. समोरचा वकील म्हणेल, खारभूमीतली मुलगी उधाण विसरते का? भांडायला जागा आहे, पण सोपं आहे असं मी सांगणार नाही. वय काय मैत्रिणीचं?”

“पंधरा.”

“मग तुरुंग हा शब्द डोक्यातून काढ. अठराच्या आतल्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, अलिबागला. ते विचारतात, ऐकून घेतात, समज देतात, कधी काही काम करायला लावतात. शिक्षा करण्यापेक्षा मूल सुधारावं हे बघतात.”

रोहिणीच्या छातीवरचं काहीतरी सरकलं. ती तक्ता गुंडाळायला लागली.

“थांब,” बाई म्हणाल्या. “तू म्हणालीस, पोलिसांनी दुसऱ्याच कुणाला बोलावलंय. त्याचं नाव कुणी सांगितलं?”

तक्ता अर्धा गुंडाळलेला राहिला. “मैत्रिणीनेच.”

“विसरून?”

खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं.

“पहिल्या वेळी ती विसरली,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वर्गातला नव्हता. “दुसऱ्या वेळी तिला सगळं आठवत होतं. खोटं सांगून पोलिसांना दुसऱ्याच्या दारात पाठवणं, कलम दोनशे सतरा. एक वर्षापर्यंत. तुझ्या तक्त्यात नाही ते. आणि तो म्हातारा अठराच्या आतला नाही. त्याला मंडळ नाही, समज नाही. त्याला खरंच आत जावं लागू शकतं.”

रोहिणीच्या डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिला कळलं नाही. तक्त्यावरचं निळं अक्षर ओलं झालं तेव्हा कळलं.

“घरी सांग,” बाई म्हणाल्या, आणि एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. “ठाण्यात एकटी जाऊ नकोस. मोठं माणूस बरोबर घे. आणि उशीर करू नकोस. मैत्रिणीला सांग.”

तिचे बाबा, हिरामण, डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होते. त्या आठवड्यात त्यांची तिसरी शिफ्ट होती. बुधवारी सकाळी साडेसातला ते घरी आले, आईने चहा पुढे ठेवला, आणि रोहिणीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. या वेळी मैत्रीण नव्हती.

आई मटकन खाली बसली. बाबांनी चहाचा कप तसाच धरून ठेवला.

“कोनाला म्हाईत हाय?” त्यांनी विचारलं.

“रोह्याच्या वकीलबाईंना. तेवढंच.”

“मंग तेवढंच राहू दे.”

“बाबा...”

“गप! गेटपास नवा करायला पोलिसांचा दाखला लागतो मना. दर वर्साला. घरात पोलीस केस हाय म्हटल्यावर ठेकेदार उभा करील का दारात?” त्यांचा आवाज मोठा नव्हता, आणि त्यानेच रोहिणीला जास्त भीती वाटली. बाबा रागावलेले नव्हते. घाबरलेले होते. तिने त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. “नाथाला काय हाय? नोकरी नाय, पोर नाय. दोन दिवस इचारतील, सोडतील.”

“नाय सोडलं तर?”

बाबांनी थंड झालेला चहा खाली ठेवला.

“मी साडेनऊची एष्टी पकडते,” रोहिणी म्हणाली. “तुम्ही नाय आलात तरी जाते.”

“पाय ठेव तर बाहेर!”

तिने पाय ठेवला. अंगणात आल्यावर मागून हाक येईल म्हणून तिचे कान टवकारले होते. हाक आली नाही. आईचं रडणं तेवढं आलं.

एष्टीच्या थांब्यावर नाथा आणि धोंडुबाई आधीच येऊन बसली होती. नाथाने धुवट सदरा घातला होता, गळ्याशी बटण लावून. धोंडुबाईच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीतून चादरीचं टोक, टॉवेल आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची डबी दिसत होती. आज जाऊन पाच वर्षांनी यायचं, अशी तयारी. ‘पर्यंत’ कुणीच ऐकलं नव्हतं.

“शाला नाय आज?” नाथाने विचारलं. नेहमीसारखंच.

रोहिणीला वाटलं होतं, सांगताना रडू येईल. आलं नाही. “काका, ओंडका मी लावला होता,” ती म्हणाली. “काढायचा विसरले. तुम्ही साडेनऊला गेलात ते मी बघितलं होतं. काकींना नाय म्हटलं ते खोटं होतं.”

रस्त्यापलीकडे एक म्हैस रवंथ करत होती. धोंडुबाई आता तोंड सोडणार म्हणून रोहिणीने खांदे आकसून घेतले. गावभर जिच्या शिव्या ऐकू जायच्या ती बाई एक अक्षर बोलली नाही. तिने पिशवी मांडीवरून उचलली आणि आपल्या दुसऱ्या बाजूला, रोहिणीपासून लांब ठेवली.

“एष्टी आली,” नाथा म्हणाला.

पाऊण तास तिघं एकाच गाडीत होती. नवराबायको पुढच्या बाकावर, रोहिणी मागे. नाथाची मान मागून बारीक आणि सुरकुतलेली दिसत होती, आणि ती एकदाही वळली नाही.

पोलीस ठाण्याच्या आवारात काळुराम उभा होता. त्याच्याशी बोलायचं की आधी आत जायचं हे रोहिणीला ठरवता येईना. तेवढ्यात मागे मोटारसायकल थांबली. बाबा होते. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगावर होता, डोळे जागरणाने लाल. त्यांनी रोहिणीकडे बघितलंच नाही. सरळ काळुरामसमोर गेले.

“नाथाने नाय,” ते म्हणाले. “माज्या पोरीने ठेवला व्हता. पिल्लं धरायला. इसरली.”

काळुरामचा चेहरा हळूहळू बदलला. रोहिणी बाबांच्या पाठीमागून पुढे आली, कारण मागे राहिली असती तर पाय पळाले असते. “मीच,” ती म्हणाली. “नाथाकाकांचं नावही मीच घेतलं.”

“तुज्या इसरण्यात माजं भात गेलं,” काळुराम म्हणाला. त्याचा हात वर गेला, बाबा मधे आले, हात तसाच हवेत राहिला आणि खाली आला. “दोन एकर! सगलं पिवलं पडलंय. तुजा कायदा उभा करील का ते?”

तिच्या तक्त्यात याचं उत्तर नव्हतं.

“आमच्या राबातलं आवण उरलंय,” बाबा म्हणाले. राब म्हणजे रोपं तयार करायचा वाफा, आणि आवण म्हणजे ती रोपं. “दीड एकराला पुरंल. खार उतरली की आमी घरचे येऊन लावून देतो. ही पन येईल.”

काळुराम हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण आत मात्र त्याने स्वतःच सांगितलं की अर्जातलं नाव चुकलं.

मुलांचं काम बघणाऱ्या पोलीसबाई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. त्यांनी रोहिणीला आणि बाबांना वेगळ्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सुरुवातीपासून सांगायला लावलं. ओंडका किती लांब होता इथपासून धोंडुबाईला काय उत्तर दिलं इथपर्यंत. ते उत्तर सांगताना रोहिणीने वाक्य दोनदा पुन्हा सुरू केलं. बाईंनी थांबून वाट बघितली, घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, “आम्ही अहवाल पाठवू. अलिबागहून बोलावणं आलं तर आईबाबांबरोबर जायचं. न आलं तर बरंच. पण येणारच नाही असं मी आत्ता सांगू शकत नाही.”

म्हणजे भीती घरी न्यायची होती. किती दिवस, तेही कुणी सांगत नव्हतं. बाबांनी खिशातून गेटपास काढला, बघितला आणि परत ठेवला.

बाहेरच्या टेबलापाशी नाथाचा जबाब लिहून झाला होता. हवालदाराने कागद त्याच्यापुढे सरकवला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. नाथाने हात मागे घेतला.

“काय लिवलंय ते कलल्याबिगर नाय,” तो म्हणाला.

हवालदार फोनवर कुणाशी तरी बोलत होता. त्याने रोहिणीकडे बोट केलं. “ही शिकलेली आहे ना? हिच्याकडून वाचून घ्या.”

रोहिणी पुढे झाली. कागदाला हात लावला.

“तू नको,” नाथा म्हणाला.

मोठ्याने नाही, रागाने नाही. कागद त्याने तिच्या बोटांखालून ओढून घेतला, नीट सरळ केला आणि हवालदाराचा फोन संपेपर्यंत दोन्ही हातांत धरून उभा राहिला. फोन संपल्यावर हवालदाराने वाचायला सुरुवात केली. नाव, वय, राहणार दिवखार. नाथा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. धोंडुबाई त्याच्या बाजूला, पिशवी छातीशी धरून. वाचता वाचता ‘सकाळी साडेनऊच्या सुमारास मी तेथून निघालो’ हे आलं, तेव्हा नाथाने हवालदाराला थांबवलं.

“हे परत वाचा सायेब.”

हवालदाराने ते परत वाचलं. रोहिणी दाराशी उभी राहून ऐकत होती. नाथाने अंगठा शाईत बुडवला.